अपग्रेडनंतर अक्षरे पुसट का दिसू लागली?

प्रश्न : मी घरून मुद्रितशोधनाचे काम करते. माझ्याकडे 2014 सालचा मॅक मिनी असून त्याला 24 इंची फुल एचडी मॉनिटर जोडलेला आहे. अलीकडेच मी त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम हाय सिएरावरून मॉन्टेरीवर नेली. तेव्हापासून अक्षरांच्या कडा पुसट दिसतात आणि संध्याकाळपर्यंत डोळे शिणून जातात. चष्म्याचा नंबर बदललेला नाही. मॉनिटर बिघडला असेल, की एखादे सेटिंग चुकले असेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपला मॉनिटर बहुधा ठणठणीत आहे. बदलली आहे ती पडद्यावर अक्षर काढण्याची पद्धत, आणि हा बदल ॲपलने जाणूनबुजून केलेला आहे.

एलसीडी पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल साधारणपणे लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. हाय सिएरापर्यंतची सिस्टीम अक्षराची कड रंगवताना या पट्ट्या स्वतंत्रपणे कमी-अधिक उजळवत असे, त्यामुळे पडद्यावर आडव्या दिशेने तिप्पट पिक्सेल असल्यासारखा रेखीवपणा येत असे. सप्टेंबर 2018 मध्ये आलेल्या मोहावी या आवृत्तीत ही पद्धत बंद करण्यात आली. एका छुप्या सेटिंगने ती परत आणता येई, पण 2020 च्या बिग सरपासून तीही सोय उरली नाही. आता अक्षरांच्या कडा केवळ करड्या छटांनी मऊ केल्या जातात.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पट्ट्यांच्या पद्धतीत अक्षराखाली नेमका कोणता रंग येणार हे आधी ठाऊक असावे लागते, आणि अर्धपारदर्शक खिडक्या व सरकते थर ग्राफिक्स चिपकडून अखेरच्या क्षणी एकमेकांवर बसवणाऱ्या सिस्टीममध्ये हे गणित फार किचकट होते. शिवाय 2012 पासून मॅकबुक प्रोमध्ये आलेल्या रेटिना पडद्यांवर इंचाला सुमारे 220 पिक्सेल असतात, त्यामुळे तेथे हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. आपल्या मॉनिटरवर मात्र इंचाला जेमतेम 92 पिक्सेल आहेत. फुल एचडी मॉनिटर सर्रास वापरात असताना वापरणाऱ्याला निवडीचा हक्कच न ठेवणे मला योग्य वाटत नाही.

देवनागरी वाचणाऱ्याला याचा फटका एका विशिष्ट जागी बसतो. जुन्या पद्धतीचा लाभ उभ्या आणि तिरक्या रेघांना होता. शिरोरेषेला तो कधीच नव्हता, आणि ती दोन पिक्सेल-ओळींच्या मध्ये सापडली की मॅकवर पूर्वीही धूसरच दिसे. आता काना, दंड आणि अक्षरांच्या गाठीही तशाच मऊ झाल्या आहेत, म्हणून लहान आकारात ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘प’ आणि ‘ष’ यांतला भेद पटकन कळत नाही. मुद्रितशोधकाचे डोळे शिणणारच.

तरीही काही गोष्टी तपासाव्यात. मॉनिटरचे रिझोल्यूशन 1920 गुणिले 1080 हेच निवडलेले आहे ना, हे पाहावे. निळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरे काळ्या अक्षरांपेक्षा फारच फाटलेली दिसत असतील, तर मॅक आपल्या मॉनिटरला टीव्ही समजून रंगांची माहिती कमी करून पाठवत असण्याची शक्यता असते. अशा वेळी एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्टची केबल वापरून पाहावी. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतील ‘शार्पनेस’ वाढवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने अक्षरांभोवती पांढरी कड उमटते. टर्मिनल या लेखी आज्ञा देण्याच्या ॲपमधून ‘ॲपल फाँट स्मूदिंग’ या छुप्या मूल्याला 0 ते 3 पैकी आकडा देता येतो, मात्र त्याने केवळ अक्षरांची जाडी बदलते आणि परिणाम दिसण्यासाठी लॉगआउट करावे लागते. शोधनापुरता मजकूर दीडपट मोठा करून मध्यम जाडीच्या फाँटमध्ये वाचणे हा मला यांतला सर्वांत उपयोगी मार्ग वाटतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेने केलेला आणि विनामूल्य मिळणारा ‘मुक्त’ हा फाँट यासाठी चांगला आहे.

खरा इलाज दाट पिक्सेलचा पडदा हाच आहे, पण लगेच 4के मॉनिटर आणू नये. आपल्या मॅक मिनीतून एचडीएमआयवाटे 4के चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलते आणि माउसचा बाण अडखळत चालतो. मॉनिटर घ्यायचाच असेल, तर यंत्र बदलण्याच्या वेळी दोन्हींचा खर्च एकत्र धरावा. हाय सिएरावर परत जाण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण त्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे केव्हाच थांबले आहे.

प्रश्न : माझे 2017 चे मॅकबुक एअर अजून हाय सिएरावरच आहे. अपग्रेड केल्यास मलाही हाच त्रास होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होईल, पण थोडा कमी. आपल्या पडद्यावर इंचाला सुमारे 128 पिक्सेल आहेत. तो किती खटकतो हे आधीच पाहायचे असेल, तर मॉन्टेरी बाहेरच्या एसएसडीवर इन्स्टॉल करावी, सुरू करताना ऑप्शनची कळ दाबून त्या डिस्कवरून लॅपटॉप चालवावा आणि आपले नेहमीचे काम दोन-तीन दिवस तिथेच करून पाहावे. मूळ डिस्कवरची सिस्टीम तोवर जशीच्या तशी राहील.