ट्रॉलीच्या तडकलेल्या चेसीला जाड पट्टी मारली तर भागेल का?

सपाट ट्रॉलीची चेसी दांडा आणि एक्सलच्या मध्ये तडकलीय, घरीच १० एमएमची पट्टी मारू का, असं तुम्ही विचारलंय. मारा. हंगाम निघेल कदाचित. आमचा तेवढाही निघाला नाही.

आमची ट्रॉली उसाची. १०० बाय ५० एमएमचं लोखंडी चॅनल, आडव्या चॅनलच्या जोडापाशी खालून केसाएवढी चीर. थोरले बंधू म्हणाले, "जाड पट्टी ठोक, चारी बाजूंनी वेल्डिंग फिरव, बघायलाच नको." मी म्हणालो, दादा, खालच्या अंगाला आडवं वेल्डिंग नको. धाकट्याचं ऐकतंय कोण! माघात कारखान्याच्या अलीकडच्या वळणावर भरल्या उसासकट चेसी बसली. आणि तुटली कुठं? जुन्या चिरेवर नाही. पट्टी संपते तिथं, वेल्डिंगच्या कडेकडेनं, करवतीनं कापल्यागत. दादा आजही म्हणतो वेल्डिंग कच्चं होतं. अहो, कच्चं असतं तर पट्टी निघून पडली असती. ती अजून चिकटून आहे!

चॅनलची उभी बाजू जेमतेम ५ एमएम. तिच्यावर १० ची पट्टी मारली की तेवढा भाग वाकायचा थांबतो आणि सगळा ताण पट्टीच्या टोकाला, नेमका वेल्डिंगनं भाजलेल्या जागी, जमा होतो.

दुसऱ्या वेळी मी एकट्यानं केलं. चेसी जॅकवर सरळ घेतली, चीर पुढं सरकू नये म्हणून तिच्या टोकाला भोक पाडलं, ग्राइंडरनं चिरेवर व्ही आकाराची खाच काढून ती कोरड्या ७०१८ वेल्डिंग रॉडनं (कमी हायड्रोजनचा रॉड) भरली. मग उभ्या बाजूला ६ एमएमची प्लेट, दोन्ही टोकं तिरपी कापून. खालच्या अंगाला आडवा एकही टाका नाही. वेल्डिंग थोडं इकडं, थोडं तिकडं, मधे मधे चेसीचे दोन्ही कर्ण (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरपं अंतर) मोजत. नाहीतर चेसी पीळ खाते. चार हंगाम झाले.

हां, ट्रॅक्टर सोडवूनच वेल्डिंग करा, आणि वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा चिमटा चाकाला नको, बेअरिंग जातं. चॅनल गंजून पातळ झालं असेल तर यातलं काही करू नका, अख्खं बदला. दांडा आणि हुकाचं काम मात्र मुरलेल्या फॅब्रिकेटरकडंच. ते रस्त्यात सुटलं तर मागच्याचा जीव जातो. आणि दुप्पट ऊस भरणार असाल तर दादाचीच पट्टी मारा, फरक पडणार नाही.

तुटका तुकडा गोठ्यात ठेवलाय. दादाला म्हटलं एकदा बघ तरी. अजून बघितला नाही.