वाचकांचे प्रश्न : खेळ थांबतो की थांबवला जातो?

प्रश्न : क्रिकेटच्या सामन्यात षटकाचा शेवटचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हाती पोचतो न पोचतो, तोच पडद्यावर जाहिरात सुरू होते आणि ती संपेपर्यंत पुढच्या षटकाचा पहिला चेंडू कधी कधी टाकूनही झालेला असतो. खेळ थांबतो म्हणून जाहिरात दाखवली जाते, की जाहिरात दाखवता यावी म्हणून खेळ थांबवला जातो?

उत्तर : दोन्ही गोष्टी घडतात; कोणती किती, हे त्या त्या खेळाच्या घडणीवर ठरते. क्रिकेटमध्ये विराम मुळातच आहेत. षटक संपल्यावर क्षेत्ररक्षक जागा बदलतात, गडी बाद झाला की नवा फलंदाज खेळपट्टीपर्यंत येण्यात वेळ जातो, आणि हे सारे दूरचित्रवाणीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. २० षटकांचा डाव पूर्ण खेळला गेला तर षटकांमधल्या अशा १९ फटी प्रक्षेपकाला आयत्या मिळतात. बेसबॉलही असाच थांबत थांबत चालणारा खेळ. दूरचित्रवाणीवरची पहिली अधिकृत जाहिरात म्हणून जी ओळखली जाते, ती १ जुलै १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या एका केंद्राने बेसबॉलच्या सामन्याआधीच दाखवली होती. ती बुलोव्हा कंपनीच्या घड्याळाची होती आणि कंपनीला त्यासाठी अवघे ९ डॉलर मोजावे लागले होते.

फुटबॉलची गोष्ट वेगळी. तिथे घड्याळ ४५ मिनिटे अखंड चालते आणि चेंडू कोणत्या क्षणी गोलपाशी पोचेल याचा नेम नसल्याने कॅमेरा मैदानावरून हलवण्याचे धाडस कोणी करत नाही. त्यामुळे जाहिरातीला वेळेत जागा मिळाली नाही, तेव्हा तिने दृश्यात जागा शोधली. मैदानाभोवतीचे फलक आणि खेळाडूंच्या छातीवरची नावे यांना या खेळात एवढे मोल आले ते त्यामुळेच. मात्र २०२६च्या विश्वचषकासाठी ‘फिफा’ने हवा कशीही असली तरी प्रत्येक अर्धात ३ मिनिटांचा जलपानाचा विराम जाहीर केला आणि त्या वेळात जाहिराती दाखवण्याची मुभा प्रक्षेपकांना दिली. विरामामागे खेळाडूंच्या प्रकृतीचे कारण सांगितले गेले आणि उन्हाळ्यातल्या सामन्यांपुरते ते पटण्याजोगेही आहे. पण छताखालच्या थंडगार मैदानातही तोच विराम कशासाठी, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे सर्वांत उघड उदाहरण अमेरिकन फुटबॉलमध्ये सापडते. तिथे जाहिरातींसाठी ठरावीक विराम असतात आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या दूरचित्रवाणीच्या समन्वयकाने खूण केल्यावरच पंच खेळ पुन्हा सुरू करतात. त्या खेळातली ‘दोन मिनिटांची सूचना’ मूळची घड्याळाशी संबंधित होती. अधिकृत वेळ पंचांकडे असे, म्हणून अर्ध संपत आल्याचे दोन्ही संघांना सांगावे लागे. आता वेळ सर्वांना फलकावर दिसते, तरी सूचना कायम आहे, कारण तिच्या आधाराने जाहिराती लावता येतात. १९६७च्या पहिल्या ‘सुपर बोल’मध्ये, म्हणजे या खेळाच्या वार्षिक अंतिम सामन्यात, तर दुसऱ्या अर्धाची सुरुवातीची किक चक्क पुन्हा मारायला लावली, कारण सामना दाखवणाऱ्या दोन वाहिन्यांपैकी एक मध्यंतरातून वेळेत परतलीच नव्हती. क्रिकेटमध्ये ‘आयपीएल’ने २००९ साली प्रत्येक डावाच्या मध्ये साडेसात मिनिटांचा ‘स्ट्रॅटेजिक टाइमआउट’ आणला. लय तुटते अशी कुरकुर खेळाडूंनीच केल्यावर पुढच्या वर्षी त्याचे अडीच-अडीच मिनिटांचे तुकडे करण्यात आले. नाव व्यूहरचनेचे असले, तरी त्या वेळात प्रेक्षकाला संघाची व्यूहरचना क्वचितच ऐकू येते.

प्रश्न : खेळांचे नियमही जाहिरातदारांच्या दबावाखाली बदलले गेले आहेत का?

उत्तर : येथे थोडे जपून बोलले पाहिजे. नियम दूरचित्रवाणीसाठी बदलणे आणि जाहिरातदारासाठी बदलणे या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या असल्या, तरी एकच नाहीत. टेनिसचा चेंडू पांढऱ्याचा पिवळा झाला तो रंगीत पडद्यावर नीट दिसावा म्हणून. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९७२ साली पिवळ्या चेंडूला मान्यता दिली, तर विम्बल्डनने तो १९८६पर्यंत लांबवला. टेबल टेनिसमध्ये २००० साली चेंडूचा व्यास ३८ मिलिमीटरवरून ४० मिलिमीटर करण्यात आला, जेणेकरून त्याची गती थोडी मंदावेल आणि डोळ्यांना तो टिपता येईल. पुढच्याच वर्षी २१ गुणांचा डाव ११ गुणांवर आला. लहान डावांत चुरशीचे क्षण वारंवार येतात, आणि डाव अधिक म्हणजे डावांमधले विरामही अधिक, हे ओघाने आलेच. बॅडमिंटनने २००६ साली प्रत्येक रॅलीला गुण देणारी २१ गुणांची पद्धत स्वीकारली, तिच्यातही ११ गुणांवर एक मिनिटाची विश्रांती आहे.

क्रिकेटला आजचे रूप देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते केरी पॅकर स्वतः एका वाहिनीचे मालक होते. ऑस्ट्रेलियन मंडळाने प्रक्षेपणाचे हक्क नाकारल्यावर त्यांनी १९७७ साली स्वतःची स्पर्धाच उभी केली, आणि प्रकाशझोतातले सामने, रंगीत पोशाख व पांढरा चेंडू यांना तिथून बळ मिळाले. हे सारे बिघडवणारेच होते असे मला वाटत नाही. टेनिसमधला टायब्रेक, म्हणजे बरोबरीत अडकलेल्या सेटचा निकाल लावणारा निर्णायक गेम, घ्या. १९७० साली अमेरिकन खुल्या स्पर्धेने तो स्वीकारला, तेव्हा कधी संपेल याचा भरवसा नसलेला सामना प्रक्षेपकाच्या वेळापत्रकाला परवडत नाही हा विचार होताच. पण टायब्रेकमुळे टेनिसची गोडी कमी झाली, असे म्हणणारा माणूस आज शोधावा लागेल.

प्रश्न : मैदानावर रंगवलेली नावे पडद्यावर उभ्या पाटीसारखी कशी दिसतात? आणि एकच सामना दोन देशांत पाहिला तर फलकांवरच्या जाहिराती वेगळ्या कशा?

उत्तर : पहिली करामत निव्वळ भूमितीची आहे. मुख्य कॅमेऱ्याची जागा आणि उंची आधीच ठाऊक असते, त्यामुळे अक्षरे गवतावर अशी ताणून, तिरपी रंगवतात की त्या एका कोनातून ती सरळ उभी भासावीत. कॅमेरा बदलला की पाटी लगेच वितळल्यासारखी आडवी होते. पुढच्या सामन्यात मुद्दाम पाहा.

दुसरी करामत संगणकाची. कॅमेरा कुठे रोखला आहे आणि किती जवळ गेला आहे, हे संगणकाला प्रत्येक क्षणी कळते. त्यावरून फलकाचा भाग ओळखून तिथे त्या त्या देशासाठी वेगळे चित्र बसवले जाते, आणि फलकासमोरून धावणारा खेळाडू मात्र त्या चित्राच्या पुढेच दिसेल अशी काळजी घेतली जाते. ही काळजी नेहमी साधतेच असे नाही. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगने २०२२-२३च्या हंगामात अशा फलकांचा वापर सुरू केला, तेव्हा खेळाडूंचे हातपाय मध्येच पुसट होतात आणि हलत्या जाहिरातींमुळे पकवर (या खेळात चेंडूऐवजी असलेल्या चकतीवर) नजर ठरत नाही, अशा तक्रारी प्रेक्षकांनी केल्या होत्या.

प्रश्न : एवढ्या गर्दीत जाहिरातीकडे लक्ष तरी कोण देते? कंपन्या इतका पैसा का ओततात?

उत्तर : थेट सामना उद्यावर टाकता येत नाही, निकाल कळल्यावर त्याची किंमत उरत नाही. म्हणून इतर कार्यक्रम लोक सवडीने पाहत असताना, एकाच क्षणी कोट्यवधी डोळे एका ठिकाणी आणण्याची ताकद मुख्यतः खेळातच शिल्लक राहिली आहे. २०२५च्या ‘सुपर बोल’मध्ये ३० सेकंदांच्या जाहिरातीचा दर ८० लाख डॉलरपर्यंत गेला, तो यामुळेच.

डोळे पडद्याकडे असले म्हणजे लक्षही तिथेच असते, असे मात्र नाही. १९९९ साली सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना चेंडू किती वेळा एकाकडून दुसऱ्याकडे गेला हे मोजायला लावले. त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या लोकांना मध्येच गोरिलाच्या वेशात चालत गेलेली व्यक्ती दिसलीच नाही. चेंडूमागे धावणाऱ्या नजरेला गोरिला दिसत नसेल, तर सीमारेषेवरची पाटी काय दिसणार? जाहिरातदारांची भिस्त दुसऱ्या एका गोष्टीवर असते. वारंवार समोर आलेली वस्तू, तिच्याकडे फारसे लक्ष दिले नसले तरी, माणसाला अधिक आवडू लागते, असे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली मांडले होते. एकच जाहिरात एका सामन्यात पंधरा-वीस वेळा आपल्या माथी मारण्यामागचा हिशेब बहुधा हाच असावा, आणि वैताग व ओळख यांतली सीमारेषा कुठे आहे हे त्या हिशेबात अनेकदा चुकते.

प्रश्न : जाहिरातींशिवाय मोठी स्पर्धा दाखवणे शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे, पण त्याची किंमत कोणीतरी मोजतो. ब्रिटनमध्ये ‘बीबीसी’वर विम्बल्डन जाहिरातींशिवाय दिसते, कारण तो खर्च प्रेक्षकांनी भरलेल्या परवाना शुल्कातून भागतो. अमेरिकेतील ‘मास्टर्स’ गोल्फ स्पर्धेचे आयोजक तासाला सुमारे चारच मिनिटे जाहिराती दाखवू देतात आणि त्यासाठी हक्कांच्या कमी रकमेवर समाधान मानतात. ही स्पर्धा भरवणाऱ्या क्लबमध्ये स्त्रियांना सदस्यत्व नव्हते, त्यावरून वाद पेटून प्रायोजकांवर दबाव येण्याची चिन्हे दिसली, तेव्हा २००३ आणि २००४ अशी दोन वर्षे त्यांनी प्रायोजकांना बाजूला ठेवून संपूर्ण स्पर्धा एकाही जाहिरातीविना दाखवली.