सी ची हार्मोनिका, ई चं गाणं

प्रश्न : रॉक गाण्यांवर वाजवायला सी स्केलची दहा भोकांची हार्मोनिका घेतली. मित्र गिटारवर ई आणि जी मध्ये वाजवतात, माझं काही केल्या जुळत नाही. दुसऱ्या भोकातून श्वास ओढला की आवाज घुसमटतो. वाद्य बदलून घेऊ का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : इतक्यात बदलू नका. पहिलं आणि तिसरं भोक बोटांनी झाका, जबडा सैल सोडा आणि दुसऱ्यातून अगदी हळू श्वास ओढा. सूर स्वच्छ आला तर दोष ओठांचा. आवळून जोरात ओढल्यावर सूर खाली घसरतो, म्हणजे नकळत बेंड होतो. नवशिक्याला दुसरं भोक हमखास छळतं.

आणि गंमत अशी, की रॉकवाल्यांचा सा तिथेच असतो! गाण्याचा सा धरा, त्याचा शुद्ध मध्यम ज्या सुरावर येईल त्या सुराची हार्मोनिका घ्या. जी च्या गाण्याला तुमची सी चालेल, ई ला ए हवी, ए ला डी. याला क्रॉस हार्प म्हणतात. यात दुसऱ्या भोकाची ओढ सा, चौथ्याची पंचम, पाचव्याची कोमल निषाद. तिसऱ्यावर शुद्ध गंधार. तो बेंड करून कोमल केला की ब्लूजचा रंग चढतो. ओढीत हे बेंड मिळतात, म्हणूनच ही उलटी वाट. जे. गाइल्स बँडच्या मॅजिक डिकचं ‘व्हॅमर जॅमर’ ऐका. उलट नील यंगच्या 1972 च्या ‘हार्ट ऑफ गोल्ड’मध्ये सरळ, म्हणजे गाण्याच्याच सुराची, जी ची हार्मोनिका आहे, ती आधी बसवा. बीटल्सच्या लेननचं ‘लव्ह मी डू’ क्रोमॅटिकवर (बटण दाबून मधले सूरही देणाऱ्या हार्मोनिकावर) आहे, त्याच्या मागे तूर्त लागू नका.

हार्मोनिकाचा कोम्ब (भोकांचा मधला सांगाडा) लाकडी असेल तर पाण्याने धुऊ नका, फुगतो.

प्रश्न : बँडसाठी सॅक्सोफोन आल्टो घ्यावा की टेनर? आणि पावसाळ्यात पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) चिकटतात, त्याचं काय? – एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : टेनर. ही रॉक गाणी ऐका : ‘जंगललँड’मधला क्लॅरन्स क्लेमन्स (1975), ‘ब्राउन शुगर’मधला बॉबी कीज, ‘मनी’मधला डिक पॅरी, सगळे टेनरवाले. पॅरीचा तुकडा तर सात मात्रांत आहे, टाळी देत मोजून पाहा. आल्टोचा डंका ‘बेकर स्ट्रीट’ने (1978) वाजवला, तो रॅफेल रेव्हन्सक्रॉफ्टचा. अडचण गिटारच्या ई ची : सॅक्सोफोनवर सुरांची नावं गिटारपेक्षा वेगळी पडतात, म्हणून टेनरवाल्याला तो एफ शार्प, म्हणजे स्केलमध्ये सहा शार्प (चढे सूर); आल्टोवाल्याला सी शार्प, सात. तेव्हा एफ शार्पचा स्केल रोज घोटा, नाहीतर गायकाला सूर बदलायला सांगा. (गायक ऐकत नाहीत.)

जी शार्पचा पॅड आधी चिकटतो. तो एरवी मिटलेला असतो, शिवाय त्याला उघडणारी स्प्रिंग हलकी. सिगारेटचा कोरा पातळ कागद पॅडखाली ठेवून की हळूच दाबा, ओल टिपली जाईल. कागद ओढू नका, पॅडची कातडी फाटते. पावडर तर नकोच. वाजवून झाल्यावर नळी कापडाने पुसा आणि रीड (तोंडाकडची पातळ पट्टी) काढून सुकवा. वाद्य ओलंच पेटीत बंद केलंत तर खाडीकाठच्या हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.