दुपारी गोळ्या वर-खाली का पसरतात?

सकाळी ठीक जाणाऱ्या .४५-७० शार्प्सच्या (काळ्या दारूवर चालणाऱ्या जुन्या घडणीच्या एकबारी रायफलच्या) गोळ्या दुपारी १००० यार्डांवर वर-खाली पसरतात, हा वाऱ्याचा प्रताप का, असं तुम्ही विचारलंय. वारा मुख्यतः आडवा ढकलतो. उभा पसारा दिसला की माझा पहिला संशय नळीवर.

काळी दारू जळल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो. सकाळच्या दमट हवेत ही काजळी मऊ राहते. दुपारी हवा कोरडी, नळी तापलेली. मग ती खापरीसारखी कडक होते, गोळीवरचं वंगण नळीच्या तोंडापर्यंत पुरत नाही, शेवटच्या काही इंचांत गोळीचं शिसं नळीला धरतं आणि दर गोळीला वेग बदलतो. नळीच्या तोंडावर वंगणाचा ओलसर तारा उमटतोय का बघा. नसेल तर ब्लो ट्यूबमधून (नळीत दमट श्वास फुंकायची नळकांडी) तीनऐवजी सहा फुंका, सावकाश. कडक उन्हात तेही पुरत नाही. मग प्रत्येक गोळी झाडल्यावर नळीतून एक ओला पॅच म्हणजे कापडाचा तुकडा (पाणी ७ भाग, बॅलिस्टॉल हे पाण्यात मिसळणारं बंदुकीचं तेल १ भाग), मागोमाग एक कोरडा. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ओला ठेवू नका. पद्धत बदललीत की साइट पुन्हा जुळवायची.

पसारा घड्याळातल्या १० ते ४ असा तिरका असेल, तर मात्र वाराच. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) नळीत डावीकडचा वारा गोळी उजवीकडे नेताना किंचित खालीही दाबतो, उजवीकडचा उचलतो.

आणि आडवी सरक केवढी? ५३० ग्रेनची (सुमारे ३४ ग्रॅम) गोळी सेकंदाला १२५० फुटांनी निघाली तर सव्वातीन सेकंद घेते, हवा नसती तर २.४. या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणा: ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात बारा फूट! दारू वाढवून फारसं साधत नाही, कारण ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा रोध एकदम वाढतो आणि जादा वेग तिथेच जिरतो.

गोळी वाटेत चाळीसेक फूट वर चढते, त्यामुळे जमिनीलगतच्या झेंड्यावर विसंबू नका. दुर्बीण टार्गेटच्या अलीकडे फोकस करून झळा कुठे वाहतात ते बघा. सरळ वर उकळत असतील तर थांबा. वारा तुमच्या रेषेत आहे किंवा दिशा बदलतोय.

पुढच्या साइटला स्पिरिट लेव्हल नसेल तर आधी ती बसवा. रायफल एक अंश कलली तरी या अंतरावर अडीच-तीन फुटांचा फरक पडतो, आणि तो बिचाऱ्या वाऱ्याच्या नावावर लिहिला जातो.