आमच्या खानदेशातल्या छोट्या चर्चमध्ये सगळ्यांना सामावून घ्यायचं असेल, तर सुरुवात कुठून करावी?

भाषेपासून करा. नवापूर-धडगावकडे घरात मावची, भिली बोलली जाते, जळगाव-धुळ्याकडे अहिराणी. पण उपासना मात्र सगळी प्रमाण मराठीत. म्हातारी माणसं मान डोलावतात, प्रार्थनेसाठी तोंड उघडत नाहीत. एक गीत, एक प्रार्थना घरच्या बोलीत होऊ द्या, फरक लगेच कळेल. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी (1861-1919) अभंग आणि भजन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं, तेव्हा परकेपणा असाच कमी झाला होता.

पुढचं अवघड आहे. बऱ्याच ठिकाणी सतरंजीवर एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया बसतात. तृतीयपंथी व्यक्ती आली तर ती कुठे बसणार? पंचांनी बंद खोलीत ठरवू नये, तिलाच विचारावं. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली, पण चर्चला तेवढ्यासाठी कोर्टाची वाट बघायची गरजच नव्हती. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 काढा: सुवार्तिक फिलिप्पाने कूशी (इथिओपियाच्या) षंढाला वाटेत पाणी दिसताच बाप्तिस्मा दिला, त्याचं षंढ असणं आड येऊ दिलं नाही. हा अध्याय मंडळीत सावकाश वाचा, लोकांना बोलू द्या. विरोध होईल, काही कुटुंबं दोन-तीन रविवार येणारही नाहीत. त्यांच्या घरी जा, चहा घ्या, वाद घालू नका.

आणि प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला) कोण आधी, कोण शेवटी हे नीट बघा. जात, कूळ, पैसा तिथे हमखास दिसतो. तो क्रम या महिन्यातच मोडा.