भावाला ऑटिझम आहे. त्याचं कारण शोधायचं तर मी काय शिकू?

प्रश्न : मी फलटण तालुक्यात राहते. बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीबी. माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा आहे. चार वर्षांचा होईपर्यंत तो बोलत नव्हता. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता असं निदान केलं. आत्या म्हणते, आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं. आजी म्हणते, लस टोचली आणि पोर गप्प झालं. आई-बाबांचं लग्न नात्यातलं आहे, बाबांनी मामाची मुलगी केली. डॉक्टरांनी जनुकीय तपासणी सुचवली होती, पैशांमुळे राहिली. भावाला केस कापायला नेलं की तिघांनी धरावं लागायचं. आता मीच घरी कापते. तो टबात पाण्याशी खेळत असताना रोज थोडे थोडे, आधी कात्री त्याच्या हातात देऊन. हे सगळं जनुकांमुळे होतं की परिस्थितीमुळे, ते मला शोधायचं आहे. नीटच्या सराव परीक्षेत ३५० च्या आसपास मार्क पडतात. काय करू? आणि पुढे माझ्या मुलांनाही असं होईल का? (पत्र संक्षिप्त केलं आहे.)

उत्तर : करिअरचं थोडं बाजूला ठेवते आणि आधी घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचता येईल असं लिहिते. ग्रहण न पाळल्याने ऑटिझम होत नाही. लशीनेही होत नाही. लशीचा संबंध सुचवणारा लेख १९९८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला होता, तोही अवघ्या बारा मुलांवरून लिहिलेला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’नेच तो मागे घेतला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळला नाही. लशीचं वय आणि लक्षणं डोळ्यांत भरण्याचं वय जवळजवळ एकच, त्यामुळे आजींना तसं वाटलं तर नवल नाही. त्यांच्याशी भांडू नकोस, हे वाचून दाखव.

आईला दोषी धरण्यात तुझी आत्या एकटी नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतले नावाजलेले तज्ज्ञही आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल असं होतं म्हणायचे, आणि हजारो आया ते ओझं घेऊन जगल्या. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. तंतोतंत सारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. साध्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत अशी एकही नव्हती. आकडा छोटा, पण चर्चेची दिशा तिथून बदलली. अलीकडच्या अनेक देशांतल्या मोठ्या अभ्यासांत ऑटिझममधला जनुकांचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास निघतो. मात्र म्हणून तुझ्या भावाचा ऑटिझम ८० टक्के जनुकांचा आणि २० टक्के हवापाण्याचा, असा हिशेब करू नकोस. समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांच्या फरकामुळे, एवढंच तो आकडा सांगतो. एका विशिष्ट मुलाबद्दल तो काही बोलत नाही.

आता तुझा मूळ प्रश्न, जनुकं की परिस्थिती. यासाठी तुला फिनाइलकीटोन्युरिया या आजाराची गोष्ट सांगते. नॉर्वेतल्या एका आईची दोन मुलं वाढीत मागे पडली होती आणि त्यांच्या लघवीला विचित्र वास यायचा. ती डॉक्टरांमागून डॉक्टर पालथे घालत राहिली. १९३४ मध्ये आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी ती लघवी घेतली, त्यात फेरिक क्लोराइड घातलं आणि रंग हिरवा झाला. मुलांच्या शरीरात फिनाइलअॅलनिन हे अमिनो आम्ल मोडत नव्हतं; ते साठून मेंदूला इजा होत होती. मुळात बिघाड जनुकातला, आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रती सदोष. पण इजा होते ती रोजच्या अन्नातल्या प्रथिनांमुळे, आणि जन्मल्या जन्मल्या आहार बदलला तर मूल चारचौघांसारखं वाढतं. मग हा आजार जनुकांचा म्हणायचा की परिस्थितीचा? पुष्कळ ठिकाणी हे दोन्ही असेच एकमेकांत गुंतलेले असतात.

परिस्थिती म्हणजे आईचं वागणं, असाही समज करून घेऊ नकोस. गर्भारपणातली आयोडीनची कमतरता, रुबेलाचा संसर्ग, दारू, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट हे औषध, मुदतीआधीचा जन्म, जन्मल्यावर उशिरा रडणं, मेंदूज्वर, रंगातलं किंवा जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं, हे सगळं परिस्थितीत येतं. (फिटचं औषध मात्र कुणी आपल्या मनाने बंद करू नये, तो निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्यायचा.) उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी झाली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ऐकण्या-पाहण्यातले दोष आणि फिट्स धरून मज्जाविकासाची एखादी तरी अडचण ६ ते ९ वयोगटात शंभरातल्या तेरा-चौदा मुलांना होती. घरी झालेलं बाळंतपण, उशिरा रडलेलं बाळ, कमी वजन अशा घरांत प्रमाण जास्त होतं. यातलं बरंचसं टाळता येण्याजोगं आहे. हे काम प्रयोगशाळेइतकंच प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं, आणि मला ते तितकंच मोलाचं वाटतं.

आता तुझं शिक्षण. फिनाइलकीटोन्युरियाची टाचेच्या रक्तावरची स्वस्त चाचणी रॉबर्ट गथ्री यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला आणली. ते कर्करोगाचं संशोधन सोडून इकडे वळले, कारण त्यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम होता. पण त्याला हा आजार नव्हता. बापाच्या शोधाचा त्या मुलाला काहीच उपयोग झाला नाही. झाला तो जगभरच्या अनोळखी बाळांना. संशोधनात जायचं असेल तर हे आत्ताच पटवून घे. बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी धरून दहा-अकरा वर्षं जातात, तोवर तुझा भाऊ अठराचा झालेला असेल. तरीही ओढ वाटत असेल तर जरूर जा. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी आयएटी ही परीक्षा द्यावी लागते, तिच्यात गणिताचेही प्रश्न असतात, तेव्हा पीसीबीवाल्यांना वेगळी तयारी लागते. नाहीतर साताऱ्या-पुण्यातल्या चांगल्या कॉलेजातून जीवशास्त्राची बीएस्सी कर. पुढे बेंगळुरूचं एनसीबीएस आणि निम्हान्स, हैदराबादचं सीडीएफडी, मानेसरचं एनबीआरसी या संस्थांत मेंदू आणि जनुकांवर काम चालतं.

जनुकीय समुपदेशन ही वाट फार कमी मुलांना माहीत असते. बीएस्सीनंतर दोन वर्षांची एमएस्सी. काम कसं चालतं ते सांगते. कुटुंब समोर बसतं, समुपदेशक कोरा कागद घेते आणि तीन पिढ्या काढते : पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, ज्याला त्रास आहे तो भरीव, नात्यातलं लग्न असेल तर जोडप्यामध्ये दुहेरी रेघ. गेलेली बाळं, पडलेले गर्भ, ‘एक चुलता जरा भोळसट होता’ हेही विचारून नोंदवते. तुमच्या कागदावर ती दुहेरी रेघ येईल. नवरा-बायको एकाच आजोबांची नातवंडं असली की दोघांकडे तोच लपलेला दोष असण्याची शक्यता वाढते. पण अशा लग्नांतली बहुतेक मुलं निरोगी असतात, आणि तपासणीशिवाय तेच कारण असं कुणीही ठरवू नये. आईला बोलायला ही नवी काठी कुणाच्या हाती देऊ नकोस.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही याच कागदावरून मिळतं. जनुकीय म्हणजे वंशातून आलेलंच असं नाही. बदल भावातच नव्याने झाला असेल तर तुझ्या मुलांना धोका जवळजवळ इतर कुणाहीइतकाच. दोन्ही प्रती सदोष असण्याचा प्रकार असेल तर तू फार तर वाहक (एकच प्रत सदोष, स्वतःला त्रास नाही) असशील आणि नात्यात लग्न टाळलंस की काळजी फारशी उरत नाही. एक्स गुणसूत्रातल्या बिघाडाचा ‘फ्रॅजाइल एक्स’ हा आजार असेल तर मात्र तुझी तपासणी लग्नाआधी करून घेतलेली बरी. गुणसूत्रांचे गळालेले किंवा जादा तुकडे शोधणाऱ्या मायक्रोअॅरे तपासणीत अशा साधारण १५ ते २० टक्के मुलांचं कारण सापडतं, जनुकांची अक्षरं वाचणाऱ्या एक्झोम तपासणीने आणखी काहींचं. बऱ्याच घरांना नेमकं उत्तर मिळतच नाही, त्याचीही मनाची तयारी ठेव.

पण खरं सांगू? तुझं पूर्ण पत्र माझ्यासमोर आहे. त्यात कारणाबद्दल तीन ओळी आहेत आणि केस कापण्याबद्दल जवळजवळ अख्खं पान. पाण्यात खेळवणं, आधी कात्री हाताळू देणं, रोज थोडं थोडं पुढे सरकणं, ऑक्युपेशनल थेरपिस्ट नेमकं हेच करतात, फक्त त्यामागचं शास्त्र शिकून. तू कुणी न शिकवता तिथवर पोचलीस. हा पदवीचा कोर्स म्हणजे बीओटीएच. महाराष्ट्रात त्याचे प्रवेश नीटच्या गुणांवरच सीईटी सेलमार्फत होतात. तुझ्या मार्कांत सरकारी एमबीबीएस अवघड आहे, हा दरवाजा मात्र उघडा आहे. मुंबईत केईएम, नायर आणि सायन, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे तो आहे. केईएममधली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा १९५० मध्ये कमला निंबकर यांनी सुरू केली, आशियातली पहिली. अमेरिकेत जन्मलेल्या, निंबकरांच्या घरात आलेल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करायचं असेल तर बीएएसएलपी ही पदवी आहे, त्यासाठी मुंबईची अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची आयश बघ.

मी तुझ्या जागी असते तर नीट देऊन बीओटीएचला पहिली पसंती दिली असती आणि बीएस्सीचा फॉर्म हातचा म्हणून भरून ठेवला असता. पदवीनंतरही संशोधनाकडे वळता येतं. आणि यातलं काहीच नको वाटलं, कॉमर्सला जावंसं वाटलं, तरी चालेल. भावाचं आजारपण म्हणजे तुझ्या करिअरवरचं कर्ज नव्हे.

या महिन्यात बाबांना घेऊन जिल्हा रुग्णालयात जा आणि डीईआयसी कुठे आहे ते विचार. मुलांच्या विकासातल्या अडचणींची तपासणी आणि थेरपी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तिथे मोफत होते. भावाचं यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड काढलं नसेल तर त्यासाठी अर्ज करा. मग नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात त्याचं नाव घाला. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. पुण्याला पुढच्या खेपेला जाल तेव्हा जनुकीय तपासणीचं पुन्हा विचारा, आणि त्या वेळी आईबरोबर तूही आत बस.