गरोदर आहे, घरात मांजर आहे. सोडून द्यावी लागेल का?

तुम्ही लिहिलंय की चौथा महिना लागलाय, तीन वर्षांची मनी घरातच असते आणि सासूबाईंचं म्हणणं, बाळ यायच्या आत तिला मासळीबाजारात सोडून या. सोडू नका. मी डॉक्टर नाही, पण माझ्या बाळंतपणात आमची ठकी घरात होती आणि हाच वाद आमच्याकडे सातव्या महिन्यापर्यंत पुरला.

भीती अगदीच खोटी नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी आहे. त्याची लागण गरोदरपणात पहिल्यांदाच झाली तर ती बाळापर्यंत पोचू शकते, मेंदूला किंवा डोळ्यांना इजा होऊ शकते. पण मांजराकडून तो येतो फक्त विष्ठेतून, आणि तोही कायमचा नाही. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे त्याची अंडी बाहेर पडतात, मग सहसा थांबतं. शिवाय पडल्या पडल्या ती बाधत नाहीत, पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजराच्या शी-शूचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला तर निम्मी लढाई तिथेच जिंकलात. मांजराला कुरवाळून, मांडीवर घेऊन हा रोग होत नाही म्हटलं तरी चालेल.

ट्रेचं काम तुम्ही करायचं नाही, नवऱ्यानं करायचं. आमच्या नवरोबांना त्या वासानं मळमळायचं. मला त्या दिवसांत फोडणीच्या वासानंही मळमळत होतं, त्यामुळे सहानुभूती मिळाली नाही. घरात दुसरं कुणीच नसेल तर हातमोजे घालायचे, नंतर साबणानं हात धुवायचे, आणि काम दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

मनीला कच्चं चिकन-मटण देत असाल तर आजपासून बंद. उकडलेलं द्या किंवा तयार खाऊ द्या. उंदीर मारायला बाहेर जाऊ देऊ नका. आणि या नऊ महिन्यांत दया येऊन रस्त्यावरचं नवं पिल्लू उचलून आणू नका, कारण पहिली लागण बहुधा पिल्लांनाच होते.

रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. त्यात या परजीवीविरुद्ध शरीरानं तयार केलेली दोन प्रकारची प्रतिद्रव्यं बघतात, आयजीजी आणि आयजीएम. माझी दोन्ही निगेटिव्ह आली, तर मी पेढे वाटायच्या बेतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खूश काय होताय? तुम्हाला कधी झालेलाच नाही, म्हणजे प्रतिकारशक्ती नाही. सांभाळा." उलट नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर सहसा लागण जुनी असते आणि काळजी कमी. आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी लगेच रडारड नको, ते कित्येक महिने तसंच दिसू शकतं; पुढची तपासणी करून लागण जुनी की ताजी ते बघतात.

मग त्यांनी विचारलं, "मटण नीट शिजवता ना? कोथिंबीर धुता का? मातीत हात घालता का?" मी गप्प. गच्चीवरच्या कुंड्या मी उघड्या हातांनी उकरायचे आणि त्याच कुंड्यांत सोसायटीतली मोकाट मांजरं आपला कार्यभाग उरकायची. ठकी बिचारी घरात, आणि तिच्यासाठी मी बोलणी खात होते! अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी हे रस्ते मांजराइतकेच, बऱ्याच घरांत मांजरापेक्षा मोठे आहेत.

मनीला रेबीजची लस वेळेवर द्या. ओरबाडलं किंवा चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही न लावता दवाखान्यात जा. माणसांची रेबीजची लस गरोदर बाईलाही देतात.

आता बाळ आल्यानंतरचं. दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं बाळाचं वापरलेलं दुपटं आणून ठकीसमोर टाकलं. तिनं पाच मिनिटं हुंगलं आणि सरळ त्यावर बसून पाय चाटायला लागली. म्हटलं, झाली ओळख. पण एक चूक आमची झालीच. बाळाला झाकायला ती छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी आणली होती आणि तिच्याच भरवशावर होतो. एका दुपारी ठकीनं वरून उडी मारली आणि मच्छरदाणी तिच्यासकट खाली बसली. बाळ तेव्हा मालिशवाल्या मावशींच्या पायांवर होतं, म्हणून निभावलं. ती जाळी डासांसाठी असते. मांजर "श्वास ओढून घेतं" वगैरे काही नाही, पण त्याला ऊब हवी असते आणि तान्ह्याला मान वळवून तोंड मोकळं करता येत नाही. बाळ झोपलेल्या खोलीचं दार बंद ठेवायचं, बस्स.

सासूबाईंचं म्हणाल तर आमच्याकडे सहाव्या दिवशी षष्ठीपूजन होतं. पूजा मांडताना मी सहज म्हटलं, या देवीचं वाहन मांजर आहे. बंगालकडे तर तसंच दाखवतात. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या संध्याकाळी ठकीला दूध-भात मिळाला. वापरून बघा.

पोर रांगायला लागलं की ट्रे न्हाणीघरात, दाराआड. आणि मांजराला पळून बसायला कपाटावर जागा ठेवा, कारण तोवर शेपूट ओढणारा तयार झालेला असतो. आमचा मुलगा आता चार वर्षांचा आहे. ट्रेचं काम अजून नवऱ्याकडेच आहे. मी ते परत मागितलेलं नाही.